वाचकांचे प्रश्न : ‘डिस्क्वामेशन’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला आठवडाभर ताप होता. ताप उतरल्यावर काही दिवसांनी त्याच्या बोटांची टोके नखांच्या कडेने सोलवटू लागली. बालरोगतज्ज्ञांनी केसपेपरवर ‘पेरिअंग्वल डिस्क्वामेशन’ असे लिहिले आहे. माझ्या मुलाला, म्हणजे नातवाच्या वडिलांना, विचारले तर तो म्हणतो, ‘आई, साल निघणे, दुसरे काही नाही.’ एवढाच अर्थ असेल तर इतका अवघड शब्द कशाला, आणि तो आला कुठून? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचे पापुद्रे किंवा कण सुटून पडणे म्हणजे डिस्क्वामेशन. शब्द मात्र वैद्यकाच्या घरात जन्मलेला नाही, तो स्वयंपाकघरातून आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘स्क्वामा’ म्हणजे माशाचा खवला, ‘दे’ हा उपसर्ग ‘पासून दूर’ किंवा ‘वरून खाली’ असा अर्थ दाखवतो, आणि या दोहोंच्या संयोगातून झालेल्या ‘देस्क्वामारे’ या क्रियापदाचा अर्थ सरळ ‘खवले काढणे’ असा आहे. चिपळूणच्या वाचकाला ही क्रिया समजावून सांगण्याची गरज नसावी. रावस साफ करताना सुरी शेपटीकडून डोक्याकडे न्यावी लागते, कारण खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात आणि उलट दिशेने धार लावल्याशिवाय ते उचलले जात नाहीत. त्या ‘दे’मध्ये हीच मुळापासून सोडवण्याची छटा आहे.

हे क्रियापद रोमन वाङ्मयात फार लवकर भेटते. प्लाउटुस हा विनोदी नाटककार ख्रिस्तपूर्व १८४च्या सुमारास वारला. त्याच्या ‘आउलुलारिया’ या नाटकात एका कंजुषाला सोन्याने भरलेले मडके सापडलेले असते आणि शेजारच्या श्रीमंताचे लग्न त्याच्या मुलीशी ठरलेले असते. लग्नाच्या जेवणावळीसाठी बोलावलेला आचारी आपल्या हाताखालच्या पोराला हुकूम सोडतो, ‘द्रोमो, माशांचे खवले काढ,’ आणि दुसऱ्याला वाम आणि त्याच जातीचा आणखी एक लांबट मासा यांचा मधला काटा काढायला बसवतो. त्या ओळीत वापरलेले क्रियापद हेच. आज त्वचारोगतज्ज्ञाच्या लेखणीतून उतरणारा शब्द बावीसशे वर्षांपूर्वी भाड्याने आणलेल्या आचाऱ्याच्या तोंडी होता, हे मला या शब्दाचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

रोमन लोकांनी ‘स्क्वामा’ माशापुरता ठेवला नाही. धातूच्या लहान पट्ट्या एकमेकींवर चढवून शिवलेले चिलखत त्यांच्याकडे होते, त्यालाही याच शब्दावरून नाव पडले. तांबे तापवून ठोकताना उडणारे पातळ कपचे हेही त्यांच्या लेखी तांब्याचे ‘स्क्वामा’च, आणि ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातला वैद्यकलेखक केल्सुस त्यांचा उल्लेख औषधद्रव्य म्हणून करतो. पातळ, चपटे, एकावर एक बसलेले आणि सुटे होणारे जे काही असेल ते स्क्वामा, असा या शब्दाचा पसारा आहे. म्हणूनच शरीरशास्त्रात कानशिलाच्या हाडाचा पातळ पत्र्यासारखा भाग, चपट्या पेशींचा थर, त्या पेशींचा कर्करोग आणि प्राणिशास्त्रात साप-सरड्यांचा संपूर्ण गण या सर्वांच्या नावांत तो आढळतो.

त्वचारोगांच्या परिभाषेत त्याला पक्के स्थान मिळाले ते लंडनच्या रॉबर्ट विलन यांच्यामुळे. त्वचारोगांवरील त्यांचा ग्रंथ १८०८ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत एकाच रोगाला दहा आणि दहा रोगांना एक नाव असा गोंधळ होता. विलन यांनी रोगाच्या कारणाचा तर्क बाजूला ठेवला आणि कातडीवर डोळ्यांना काय दिसते एवढ्यावरून आठ वर्ग पाडले : पुरळ, फोड, पुटकुळ्या, डाग वगैरे. त्यातला दुसरा वर्ग ‘स्क्वामे’, म्हणजे खवल्यांचा. डोळ्यांवर भिस्त ठेवून नाव देण्याची ही पद्धत फार उपयोगी ठरली, आणि तिने एक जुना घोळही पुढे चालू ठेवला. तो शेवटच्या प्रश्नात येईल.

आता ‘पेरिअंग्वल’. ‘पेरि’ ही ग्रीक उपसर्गाची उधारी असून तिचा अर्थ ‘भोवती’. ‘उंग्विस’ म्हणजे लॅटिनमध्ये नख. हा उंग्विस, ग्रीक ‘ओनिक्स’ आणि आपला ‘नख’ हे तिन्ही एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत, तेव्हा केसपेपरवरच्या या जोडशब्दातला एक अवयव आपल्याच गोतावळ्यातला आहे.

अवघड शब्द कशाला, या प्रश्नाचे उत्तर ‘नखांभोवती’ या शब्दातच आहे. साल उन्हाने करपूनही निघते, साबण-सोड्याच्या कामाने निघते, गोवर ओसरल्यावर कोंड्यासारखी निघते आणि नवजात बाळाचीही पहिल्या एक-दोन आठवड्यांत निघते, विशेषतः दिवस उलटून जन्मलेल्या बाळाची. या शेवटच्या प्रकाराला काही करावे लागत नाही. पण मोठ्या तापानंतर बोटांच्या टोकांपासून, नखाच्या खालच्या कडेने सुरू होणारी साल हा डॉक्टरांच्या दृष्टीने मागे वळून निदान पडताळण्याचा पुरावा असतो. स्कार्लेट फीव्हर या जिवाणूजन्य तापात पुरळ मावळल्यावर अशी साल निघते. दुसरा आजार जपानमधला. टोकियोतील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ साली पन्नास मुलांचा वृत्तांत जपानी भाषेत प्रसिद्ध केला. त्या लेखाच्या लांबलचक शीर्षकातच हातापायांच्या बोटांच्या विशिष्ट डिस्क्वामेशनचा उल्लेख आहे. कावासाकी आजारात ही साल साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे ताप उतरून मूल खेळायला लागल्यावर दिसते. सालीने स्वतः काही बिघडत नाही. तथापि त्या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी एको, सांगतात. आपल्या नातवाला यातले काय झाले हे या स्तंभातून सांगता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलेली तारीख मात्र ‘आता बरा आहे’ म्हणून चुकवू नये.

प्रश्न : आपली त्वचा रोज झडत असते असे वाचले. मग सापासारखी कात पडलेली आपल्याला दिसत का नाही? आणि थंडीतच पायांवर पांढरे का येते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : साप एका विशिष्ट वेळी संपूर्ण बाह्यत्वचा एकदम बदलतो. माणसाचे तसे नाही. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या होतात, त्यांच्यातले केंद्रक नाहीसे होते आणि त्या केराटिन या कठीण प्रथिनाने भरून जातात. पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्या मृत झालेल्या असतात. या प्रवासाला तरुण निरोगी त्वचेत साधारण चार आठवडे लागतात आणि वयोमानाप्रमाणे हा काळ लांबतो. सर्वांत वर अशा मृत चपट्या पेशींचे बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस थर असतात, तळव्यांवर त्याहून कितीतरी जास्त.

या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या सूक्ष्म खिळ्यांनी जोडलेल्या असतात. वरच्या थरात काही एंझाइमे ते खिळे तोडतात, आणि पेशी एकेकटी सुटते. एकेकटी सुटलेली पेशी डोळ्यांना दिसत नाही. ती कपड्यांवर, अंथरुणात, आंघोळीच्या पाण्यात जाते. त्यामुळे शास्त्रीय अर्थाने डिस्क्वामेशन क्षणोक्षणी चालू असते, पण लॅटिन शब्दात अभिप्रेत असलेला खवला त्यात कुठेच नसतो. खवला दिसू लागतो तो सुटण्याची क्रिया बिघडल्यावर. ज्या पेशींनी एकेकटे जायचे त्या शेकडोंच्या जथ्याने, एकमेकींना धरून, पापुद्रा होऊन निघतात.

थंडीतल्या पायांचे कारण इथेच आहे. खिळे तोडणाऱ्या एंझाइमांना काम करायला पाणी लागते. विदर्भातल्या कोरड्या थंडीत वरचा थर सुकतो, एंझाइमे मंदावतात, पेशी वेळेवर सुटत नाहीत आणि नडगीवर पांढरट भेगाळ खपले साचतात. नखाने ओढले की पांढरी रेघ उमटते ती त्यामुळे. आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावल्यास पाणी आत धरून ठेवले जाते आणि अडलेली झड पुन्हा सुरू होते. खरबरीत दगडाने घासून काढण्यापेक्षा हा उपाय अधिक शहाणपणाचा आहे.

सोरायसिस या त्वचारोगात बिघाड दुसऱ्या टोकाला असतो. तिथे चार आठवड्यांचा प्रवास काही दिवसांतच उरकला जातो, पेशी पुरत्या पक्व न होता वर येतात, काहींत केंद्रकही शिल्लक असते, आणि चंदेरी पापुद्र्यांचे थरावर थर बसतात.

प्रश्न : ब्यूटी पार्लरमध्ये ‘एक्सफोलिएशन’ करतात. ते आणि डिस्क्वामेशन एकच काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : परिणाम जवळचा आहे, मूळ वेगळे आहे. ‘फोलियुम’ म्हणजे लॅटिनमध्ये पान, आणि ‘एक्सफोलियारे’ म्हणजे पाने ओरबाडून काढणे. माशाऐवजी इथे झाड आहे. हा शब्द युरोपातील शल्यवैद्यांनी प्रथम त्वचेसाठी नव्हे, हाडासाठी वापरला : मेलेल्या हाडाचा पातळ पापुद्रा जिवंत हाडापासून सुटतो, त्याला ते एक्सफोलिएशन म्हणत. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत तो फार नंतर आला. आजच्या व्यवहारात डिस्क्वामेशन होते आणि एक्सफोलिएशन केले जाते, असा फरक ढोबळमानाने धरायला हरकत नाही. रुग्णालयात मात्र हा नियम मोडतो. सर्वांगाची साल निघणाऱ्या एका गंभीर अवस्थेला ‘एक्सफोलिएटिव्ह डर्मटायटिस’ म्हणतात, आणि लहान मुलांची कातडी भाजल्यासारखी सुटवणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या विषाचे नावही याच शब्दावरून पडले आहे. तिथे कोणी काही ‘करत’ नाही.

याच ओळीतला तिसरा शब्द ‘एक्सकोरिएशन’, म्हणजे खाजवून किंवा घासून कातडी निघणे. त्यात ‘कोरियुम’, जनावराचे कातडे आहे. या कोरियुमचा संबंध ‘कापणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूशी लावला जातो, आणि संस्कृतातील ‘कृत्ति’ व ‘चर्मन्’ हे शब्दही त्याच धातूच्या परिवारात ठेवले जातात. तेव्हा आपले ‘चामडे’ आणि डॉक्टरांचे एक्सकोरिएशन दूरचे भाऊबंद ठरतात. पार्लरमधल्या स्क्रबबद्दल माझे मत कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो : जी पेशी महिनाभरात आपण होऊन जाणारच आहे तिला चार दिवस आधी हाकलण्यासाठी इतके पैसे मोजावेत की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रश्न : डिस्क्वामेशनला मराठीत एकच चांगला शब्द का नाही? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : एक नाही कारण अनेक आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तळहाताची निघते ती साल. उन्हाने करपलेल्या पाठीवरून सुटतो तो पापुद्रा. नखाच्या मुळाशी उचकटते ते सालपट. डोक्यातून झडतो तो कोंडा. जखमेवर धरते ती खपली, आणि तिचा या विषयाशी संबंध नाही, कारण ती वाळलेल्या रक्ताची किंवा जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाची असते, त्वचेच्या पेशींची नव्हे. ‘शल्क’ हा संस्कृत शब्द माशाचा खवला आणि झाडाची साल या दोन्ही अर्थांनी आहे. त्यावरून नवा शब्द घडवता येतो आणि परिभाषेत तसे शब्द घडवलेही जातात, पण रुग्णाशी बोलताना ते कामाचे नाहीत.

यातला ‘कोंडा’ विशेष पाहण्यासारखा आहे. धान्य सडल्यावर राहतो तो कोंडा आणि केसांतून पडतो तोही कोंडा. लॅटिन ‘फुर्फुर’ या शब्दाचेही हेच दोन अर्थ होते. ग्रीक ‘पितिरोन’ म्हणजेही कोंडाच, आणि त्यावरून ‘पिटिरियासिस’ हे नाव बारीक भुशासारखी झड असणाऱ्या रोगांना मिळाले. पाठीवर, छातीवर फिकट किंवा तपकिरी ठिपके उमटतात, ज्यांना आपल्याकडे शिबे म्हणतात, ते ‘पिटिरियासिस व्हर्सिकलर’. डॉक्टर अशा ठिपक्यावरून नख हलकेच ओढून पाहतात, तेव्हा गुळगुळीत भासणाऱ्या डागातून पिठासारखी पूड निघते. ज्या सूक्ष्म बुरशीमुळे हे होते तिच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘मॅलासेझिया फुर्फुर’ असे आहे, म्हणजे रोमन गिरणीतला कोंडा अजून सूक्ष्मदर्शकाखाली नांदतो आहे. पूड बारीक असेल तर कोंडा, पातळ आणि मोठी असेल तर पान, जाड आणि चिकटून असेल तर खवला : ही प्रतवारी आजही निदानाला मदत करते, म्हणून ही नावे केवळ हौसेची नाहीत.

प्रश्न : माशाच्या खवल्यांची उपमा आयुर्वेदातही आहे काय? आणि कुष्ठरोगाला ‘लेप्रसी’ म्हणतात तो शब्दही साल निघण्यावरूनच आला, हे खरे काय? (एक वाचक, वाई)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींत एकच धोका लपलेला आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यातील एककुष्ठाचे वर्णन ‘अस्वेदनं महावास्तु यन्मत्स्यशकलोपमम्’ असे आहे. ज्यावर घाम येत नाही, जे मोठी जागा व्यापते आणि जे माशाच्या खवल्यांसारखे दिसते ते एककुष्ठ. आजचे वैद्य त्याची तुलना बहुधा सोरायसिसशी करतात. लॅटिन शब्दाशी याचा देवाणघेवाणीचा संबंध जोडायचे कारण नाही. नदीकाठी आणि समुद्रकाठी राहणाऱ्या कोणालाही ही उपमा सुचेल. ध्यानात घ्यायचे ते हे की चरकाचे ‘कुष्ठ’ ही त्वचारोगांची मोठी छत्री आहे, आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो त्या छत्रीखालचा फार तर एक भाग होईल.

ग्रीकांचेही तेच झाले. ‘लेपेइन’ म्हणजे सोलणे, ‘लेपिस’ म्हणजे खवला (फुलपाखरांच्या गणाचे ‘लेपिडॉप्टेरा’ हे नाव त्यांच्या पंखांवरच्या खवल्यांवरून पडले ते याच शब्दामुळे), आणि ‘लेप्रा’ म्हणजे खवले सुटणारे त्वचाविकार. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत लेप्रा असा सौम्य अर्थानेच येतो. खऱ्या कुष्ठरोगाला ग्रीक वैद्य ‘एलेफांतियासिस’ म्हणत. पुढे हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर करताना ‘त्सारअथ’ या शब्दासाठी लेप्रा घातला गेला. त्सारअथ हे धार्मिक अशुद्धतेचे नाव होते आणि ते माणसाच्या कातडीबरोबर कपड्यांना व घराच्या भिंतींनाही लागत असे. भिंतीला कुष्ठरोग होत नाही, एवढ्यावरूनच ते निराळे प्रकरण आहे हे कळावे. अकराव्या शतकात अरबी वैद्यकाची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा खऱ्या कुष्ठरोगाच्या अरबी नावासाठीही लेप्रा हाच शब्द वापरला गेला. अशा रीतीने सालपटे निघणारा साधा विकार, धर्मग्रंथातली अशुद्धता आणि नसा बधिर करणारा जंतुजन्य रोग हे तिघे एका नावाखाली आले.

विलन यांच्या १८०८च्या वर्गीकरणात ‘लेप्रा’ खवल्यांच्या वर्गात आहे, आणि त्यांचा लेप्रा म्हणजे आजच्या भाषेत सोरायसिसचाच एक प्रकार. ‘लेप्रा’ या एकाच नावाचा हा दुहेरी वापर व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली मोडून काढला. नॉर्वेतील बर्गन येथे आर्माउअर हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ साली दिसला, त्यानंतर तरी नावाचा आणि सालीचा संबंध संपायला हवा होता. तो लोकांच्या मनातून गेला नाही. सोरायसिसच्या कितीतरी रुग्णांना एस.टी.त शेजारचा माणूस उठून जाण्याचा अनुभव येतो तो याच सरमिसळीमुळे, आणि सोरायसिस तर स्पर्शाने पसरतच नाही.

कुष्ठरोगाची खूण खवले ही नव्हे. त्याची खूण म्हणजे संवेदना कमी झालेला किंवा गेलेला फिकट वा लालसर चट्टा. त्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात, आणि चिमटा काढला तरी कळत नाही. असा चट्टा दिसल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. तपासणी आणि बहुऔषधोपचार तिथे विनामूल्य आहेत आणि रोग पूर्ण बरा होतो. आपल्या कायद्याला हे मान्य करायला बराच वेळ लागला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून होते, ते २०१९च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले.